नवव्या वाटेची मोजणी

एका जंगलात वाटा फार झाल्या होत्या.

झाडं कमी झाली म्हणून वाटा वाढल्या, की वाटा वाढल्या म्हणून झाडं कमी झाली, ते आपल्याला ठाऊक नाही. मोठ्या माणसांना विचारा. त्यांनाही ठाऊक नसेल, पण ते अर्धा तास बोलतील.

आपण फक्त तीन घरांचं बघू.

एक घर अस्वलाचं. त्याचं नाव झिपरोबा. दुसरं घर रानडुकराचं. त्याचं नाव सुळेराव. तिसरं घर रानमांजरीचं. तिचं नाव कबरी. कबरीला तीन पिल्लं होती. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. कबरीचं तोंड जन्मापासून उघडं होतं.

ही तीन घरं झाली. आता तीन ठिकाणं ऐका.

पहिलं ठिकाण डोह. उन्हाळ्यात जंगलातलं सगळं पाणी आटायचं, डोह तेवढा उरायचा. दुसरं ठिकाण मोहाचं झाड. झिपरोबा आणि सुळेराव तिथं मोहफुलं खायला जायचे. उंदीरही मोहफुलं खायला जायचे. कबरी उंदीर खायला जायची. तिसरं ठिकाण राजाचा वड. तिथं रोज हजेरी द्यावी लागायची. राजा सिंह स्वतः तिथं वर्षातून दोनदा यायचा. पण हजेरी रोज.

तीन घरं, तीन ठिकाणं. आणि प्रत्येक घराची प्रत्येक ठिकाणी जायला स्वतःची वेगळी वाट. तीन त्रिक नऊ.

तुम्ही विचाराल, वेगळी कशाला? एकाच वाटेनं सगळे गेले असते. पोरांनो, तुम्ही अजून लहान आहात. तुमच्या घरी वाटण्या झालेल्या नाहीत.

झिपरोबाचे आजोबा सांगून गेले होते, ज्या वाटेवर डुकराचा खूर पडला तिथं अस्वलाचा पंजा पडता कामा नये. सुळेरावांचे आजोबा तेच उलट्या बाजूनं सांगून गेले होते. कबरीच्या आजीला कुणी विचारलंच नव्हतं. आणि आपली वाट सोडून भलतीकडून चालेल त्याला त्या जंगलात चोर म्हणत.

आता नऊ वाटा म्हटल्या की त्या कुठं ना कुठं एकमेकींना कापणार. जिथं दोन वाटा एकमेकींना कापतात, त्या जागेला जंगलात फुली म्हणत. आणि फुलीचा एक जुना रिवाज होता. फुलीवर कुणी आपल्याला आडवं गेलं तर पुढं जायचं नाही. मागं फिरायचं. घरी जायचं. सावली वीतभर सरकेपर्यंत गप्प बसायचं. मग नव्यानं निघायचं.

झिपरोबा आणि सुळेराव रोज सकाळी फुलीवर गाठ पडून थांबायचे.

"सुळेराव, तुम्ही मला आडवे आलात."

"मी कसला आडवा येतोय, तूच आलास."

दोघं मागं फिरायचे. दोघं घरी जाऊन वीतभर बसायचे. दोघं एकाच वेळी उठायचे, आणि पुन्हा त्याच फुलीवर एकमेकांना भेटायचे. असं चारपाचदा झालं की एखाद्याला घरी डुलकी लागायची. मग दुसरा पाण्यापर्यंत पोचायचा.

फुलीवर कबरी असली म्हणजे मात्र वाद नसायचा. मांजर आडवं गेलं. विषय संपला.

"कबरे, सकाळी सकाळी आडवी गेलीस," झिपरोबा म्हणायचा.

"मी माझ्या वाटेनं सरळ चाललेय. आडवे तुम्ही आलात, झिपरूभाऊ."

"मांजर आडवं जातं. अस्वल आडवं गेल्याचं ऐकलंयस कधी?"

"दोन काड्या घ्या. एकीवर एक ठेवा. त्यातली आडवी कुठली ते काडीलाच विचारा आणि मला येऊन सांगा."

झिपरोबा विचार करायचा. विचार करताना तो कान खाजवायचा. कान खाजवून झाला की घरी जाऊन बसायचा.

त्या वर्षी ऊन फार झालं. मागं फिरून फिरून सगळ्यांच्या तंगड्या मोडायला आल्या. झिपरोबाला एके दिवशी पाणी मिळालं ते थेट दिवस कलल्यावर. तो तसाच वडाखाली गेला आणि त्यानं तक्रार केली. म्हणाला, मांजरीमुळं जंगलात चालणं मुश्किल झालंय.

राजानं त्यावर विचार केला. म्हणजे काय केलं, तर मोजणी लावली.

मोजणीला साहेब आले. साहेब म्हणजे करकोचा. पाय लांब, मान लांब, बोलणं त्याहून लांब. त्यांच्याबरोबर चार तज्ज्ञ होते. कावळा, साळिंदर, घूस आणि वानर. तज्ज्ञ म्हणजे कोण, माहीत आहे ना? ज्याला एकच गोष्ट येते आणि ती येते हे सगळ्यांना माहीत असतं, तो.

"आम्हाला एकच शोधून काढायचं आहे," करकोचेसाहेब म्हणाले. "हे जंगल बिनफुलीचं होण्यापासून नेमकं किती दूर आहे."

"फुल्या कमी नाही का करायच्या?" कबरीनं विचारलं.

"आधी मोजायच्या. न मोजता कमी केल्या तर किती कमी झाल्या हे कळणार कसं?"

कावळा वर उडाला. नऊ वाटांवर नऊ चकरा मारून खाली आला. म्हणाला, फुल्या अकरा.

साहेबांनी वाळूत नकाशा काढला. घरं आणि ठिकाणं तिथंच ठेवली, वाटांना थोडी वळणं दिली. फुल्या सात राहिल्या. पुन्हा पुसलं, पुन्हा काढलं. चार राहिल्या. आठ दिवस साहेब चोचीनं वाळू उकरत होते. शेवटी एक राहिली. ती एक काही केल्या जाईना.

कबरीनंही आपल्या दारात, पिल्लं पीत असताना, पंजाच्या नखानं मातीत काढून बघितलं. आठ वाटा गुण्यागोविंदानं निघाल्या. नववी अडली. ती घरामागून नेली, वडामागून नेली, सगळ्या जंगलाला वळसा घालून आणली. अडली ती अडलीच.

तुम्हीही काढून बघा पाटीवर. तीन घरं, तीन ठिकाणं, प्रत्येकाची प्रत्येकाकडे एक रेघ. नववी रेघ कुणाला न कापता आणून दाखवलीत तर तुम्हाला मोजणी खात्यात नोकरी नक्की. नाही आणलीत तरी मिळेल. त्यांनाही आलेली नाही.

मग वडाखाली सभा भरली. त्या दिवशी राजा स्वतः आला होता.

करकोचेसाहेब घसा खाकरून म्हणाले, "महाराज, मोजणी पूर्ण झाली. आपलं जंगल बिनफुलीचं होण्यापासून एक दूर आहे."

"एक काय?" राजानं विचारलं.

"एक."

"एक कोस? एक हात?"

"नुसतं एक, महाराज."

कावळा पुढं झाला. "माझ्या मोजणीनं एक फुली. वाटांना कितीही वळवा, एक उरते."

साळिंदर म्हणाला, "फुल्या काय मोजायच्या? माझ्या मोजणीनं एक वाट. नवांतली एक काटे लावून बंद केली की उरलेल्या आठांत फुली नाही."

घूस म्हणाली, "माझ्या मोजणीनं एक भुयार. एक वाट दुसरीच्या खालून काढली की काम झालं."

वानर फांदीवरून म्हणाला, "माझ्या मोजणीनं दोन मजले. काही वाटा खाली, काही वर. म्हणजे वरचा मजला तेवढा एकच बांधायचा."

"म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच आलं," राजा खूश होऊन म्हणाला.

"एकच आलं," साहेब म्हणाले. "पण प्रत्येकाचा एक वेगळा आहे."

राजाला हे फार खोल वाटलं. त्यानं मान डोलावली. मग सगळ्यांनी मान डोलावली.

कबरी पुढं आली. पिल्लांना घरी ठेवून आली होती, त्यामुळं तिला घाई होती.

"महाराज, फुली एकच उरत असेल तर राहू द्या की. तिथं आधी येईल त्यानं आधी जावं. मागून येईल त्यानं दोन श्वास थांबावं. मागं कशाला फिरायचं?"

मग सुळेराव म्हणाले, "आणि रिवाजाचं काय?"

"रिवाजाला दोन श्वास थांबायला सांगा."

"बाई," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "एक फुली राहिली तर आमच्या तक्त्यात एक दिसणार. आम्हाला शून्य दाखवायचं आहे."

"मग घुशीचं भुयार करा."

"माझ्या डोक्यावरनं मांजर चालणार?" झिपरोबा म्हणाला.

"तर मग मी भुयारातनं जाते. तुम्ही वरनं जा."

"माझ्या पायाखाली मांजर? त्याच्यापेक्षा आडवी गेलेली बरी."

"मग वानराचा मजला बांधा."

"वरचा मजला कुणाचा?" सुळेरावांनी विचारलं. त्यावर झिपरोबानं सुळेरावांकडे बघितलं. सुळेरावांनी झिपरोबाकडे बघितलं. मजला तिथंच पडला, बांधायच्या आधी.

उरला साळिंदर. त्याच्याजवळ काटे तयार होते. साहेबांनी सांगितलं, एक वाट बंद करणं हा सगळ्यात जवळचा उपाय.

"पण कुठली?" राजानं विचारलं.

इथं करकोचेसाहेब प्रामाणिकपणे बोलले. ही त्यांची एक चूक आपण माफ करू. ते म्हणाले, "नवांतली कुठलीही चालेल, महाराज. कुठलीही एक काढली तरी फुली जाते. मोजणीच्या दृष्टीनं सगळ्या वाटा सारख्या आहेत."

"मग झिपरूभाऊंची वडाची वाट बंद करा," कबरी लगेच म्हणाली. "हजेरीला ते उभ्या उभ्या झोपतात. घरी झोपतील. हजेरी मी देईन त्यांची."

"राजदरबाराची वाट?" झिपरोबा म्हणाला. "मला वडाशिवाय करमत नाही."

"सुळेरावांची मोहाची करा. त्यांच्या घरामागं एक वेगळं मोहाचं झाड आहे."

"त्याची फुलं कडू आहेत," सुळेराव म्हणाले.

"चाखलीत कधी?"

"कडू आहेत म्हणून चाखली नाहीत."

मग साहेबांनी मान वळवून कबरीकडे बघितलं. ते गोड बोलू लागले. साहेब गोड बोलू लागला की आपली वाट चाचपून बघावी.

"बाई, आपल्या तीन वाटा. एक मोहाची. तिथं आपलं अन्न. ती आम्ही काढणार नाही. एक वडाची. तिथं आपलं कर्तव्य. ती आम्हाला काढता येत नाही. राहिली डोहाची. आता मांजराला पाणी आवडत नाही, हे तर लहान पोरालाही ठाऊक आहे."

"अंगावर घ्यायला आवडत नाही," कबरी म्हणाली. "प्यायला लागतं."

"मोजणीत आवडनिवड एकदाच लिहितात."

"साहेब, मी पाणी प्याले तर मला दूध आहे. मला दूध आहे तर पोरं आहेत. हे लिहा तुमच्या मोजणीत."

"त्याला आमच्याकडं रकाना नाही," साहेब म्हणाले.

राजा उठला. राजाला उशीर झाला होता. कशाला उशीर झाला होता ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाटा साहेबांच्या नकाशाप्रमाणं वळवल्या, आणि साळिंदरानं कबरीच्या डोहाच्या वाटेवर काटे रोवले. चांगले दाट रोवले. कावळा वरून बघून आला आणि म्हणाला, फुल्या शून्य. वडाखाली टाळ्या झाल्या. झिपरोबा सकाळी निघाला तो थेट पाण्यापर्यंत गेला. सुळेरावही गेले. कुणी कुणाला आडवं आलं नाही. सगळे म्हणाले, बघा, मोजणीनं काय होतं.

कबरी पहिल्या दिवशी झिपरोबाच्या दारात गेली.

"झिपरूभाऊ, दिवसातून एकदा तुमच्या वाटेनं पाण्यावर जाऊ द्या. तुम्ही झोपल्यावर जाईन. पाय उमटू देणार नाही."

"माझी ना नाही गं, कबरे. पण आजोबांचं वचन आहे."

"तुमचे आजोबा जाऊन वीस उन्हाळे झाले."

"तेच तर. असते तर त्यांची समजूत घातली असती."

ती सुळेरावांकडे गेली. सुळेराव म्हणाले, झिपरोबानं जे सांगितलं तेच माझं म्हणणं, फक्त त्याच्यामुळं माझं तसं आहे असं समजू नकोस.

तिनं काट्यांतून जायला बघितलं. नाकाला टोचलं, पंजाला टोचलं. परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं गवतावरचं दव चाटलं. उन्हाळ्यातलं दव ते केवढं असणार. जिभेलाच पुरलं नाही.

पिल्लं ओढायची आणि थांबायची. मग वर बघायची. पिल्लानं वर बघितलं की आईला काय होतं ते इथं लिहिलेलं नाही. तुमच्या आईला विचारा, ती सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यात धाकटं पिल्लू ओढायचं सोडून नुसतं चिकटून पडलं.

कबरी उठली. तिनं ते पिल्लू मानेला धरून तोंडात घेतलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मांजर आपल्या पिल्लांना सात घरं दाखवते. हे सगळ्या जगाला माहीत आहे, तसं त्या जंगलालाही होतं. पिल्लू तोंडात धरून चाललेल्या मांजरीला वाटेचा नियम लागत नसे. ती झुडपातून जाईल, दगडावरून जाईल, कुणाच्या दारावरून जाईल. तिला चोर म्हणायचं नाही, दुसरं पिल्लू आणायला रिकामी परतत असली तरी. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तोंडात पिल्लू असलेल्या मांजरीशी वाद घालायला कुणी जात नाही, त्यातूनच झालं असेल.

कबरीनं आधी हे का केलं नाही? कारण खरोखरच तिला ओल आवडत नसे. तिला चिलटं आवडत नसत. बेडकांचा आवाज तर तिला मुळीच सहन होत नसे. पण हे सगळं पोटात पाणी असतानाचे नखरे असतात.

तिनं तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीलाही तिचं तोंड ढिलं झालं नाही.

डोहाला तिन्ही बाजूंनी उभा कातळ होता. पाण्यात उतरायला एकच उतार. झिपरोबाची वाट तिथं यायची, सुळेरावांचीही तिथंच यायची, एक डावीकडून, एक उजवीकडून. उताराच्या तोंडाशी एक मोठी शिळा आडवी पडलेली होती आणि तिच्याखाली कपार होती. कबरीनं पिल्लं कपारीत ठेवली. मग ती पाण्याशी गेली आणि इतकं प्याली की बेडूक गप्प झाले.

चौथ्या दिवशी पिल्लं पोटभर पिऊन पसरली.

पाचव्या दिवशी करकोचेसाहेब धावत आले. त्यांच्यामागं कावळा, आणि कावळ्यामागं साळिंदर.

"बाई, हे काय? आपल्या घरापासून डोहापर्यंतची वाट बंद केलेली आहे."

"हो. मग?"

"मग आपण डोहावर कशा?"

"डोहावर राहू नये असा नियम आहे का?"

साहेबांनी साळिंदराकडे बघितलं. साळिंदरानं कावळ्याकडे बघितलं. "नियम नाही," कावळा म्हणाला. "आजवर कुणी राहिलंच नव्हतं. चिलटं फार."

"तर मग आता मोजा," कबरी म्हणाली. "माझ्या घरापासून डोहापर्यंत वाट किती?"

साहेबांनी मोजायला पाय उचलला. पण तो ठेवायला जागा नव्हती. घर संपत होतं तिथंच डोह सुरू होत होता. साहेब एका पायावर बराच वेळ उभे राहिले. तशी त्यांना सवय होती.

"शून्य पावलं," ते शेवटी म्हणाले.

"शून्य पावलांच्या वाटेवर किती काटे लावायचे ते साळिंदराला ठरवू द्या. तोवर मी पोरं चाटते."

पण साहेबांचं लक्ष आता दुसरीकडंच होतं. ते वाळूत बसले आणि भराभर नकाशा काढू लागले. मधोमध डोह, म्हणजेच कबरीचं घर. भोवती गोल. गोलावर आधी झिपरोबाचं घर, मग मोह, मग सुळेरावांचं घर, मग वड, आणि पुन्हा झिपरोबा. झिपरोबाच्या आणि सुळेरावांच्या मोहाच्या नि वडाच्या चार वाटा म्हणजे गोल. मधून बाहेर चार आरे. दोन आरे म्हणजे कबरीच्या मोहाची आणि वडाची वाट, दोन आरे म्हणजे उरलेल्या दोघांच्या पाण्याच्या वाटा. नववी वाट शून्य पावलांची, ती मध्यातच विरघळली. बैलगाडीचं चाक असतं तसं झालं. कुठंही फुली नाही.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊच्या नऊ वाटा, आणि फुली एकही नाही. त्यांनी आयुष्यभर हेच शोधलं होतं.

"हे आपल्याला कसं सुचलं?" त्यांनी विचारलं.

"तहान लागली होती," कबरी म्हणाली.

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. ते वडाकडे पळाले.

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरोबा पाण्यावर आला. बिनफुलीच्या वाटेनं, मजेत, गुणगुणत आला. उताराशी येऊन थांबला. शिळेवर कबरी उन्हाला पडली होती. या कातळापासून त्या कातळापर्यंत, अंग ताणून.

"कबरे, जरा सरक."

"मी माझ्या घरात पडलेय."

"पण तू आडवी आहेस."

"आहे. आणि मी मांजर आहे. रिवाज काय म्हणतो, झिपरूभाऊ?"

झिपरोबानं कान खाजवला. मग मुकाट्यानं मागं फिरला. घरी जाऊन वीतभर बसला. परत आला. कबरी कूस बदलून पडली होती, पण होती आडवीच. तो पुन्हा गेला. वाटेत त्याला सुळेराव दिसले, तेही घरी बसायला चाललेले.

दुपारपर्यंत दोघांच्या पाच पाच फेऱ्या झाल्या. जीभ टाळूला चिकटली. दोघं वडाखाली गेले. एका वाटेनं नाही, आपापल्या.

"साहेब, पाण्यापर्यंत पोचता येत नाही."

"अशक्य," करकोचेसाहेब म्हणाले. "तुमच्या वाटांवर फुली नाही. शून्य. तक्ता बघा."

"फुली नाही, पण मांजर आहे."

"कुठं आहे?"

"वाटेच्या टोकाला."

"टोकाला म्हणजे ठिकाणात," साहेब म्हणाले. "ठिकाणं आमच्या मोजणीत येत नाहीत. आम्ही फक्त वाटा मोजतो. आपल्याला काही त्रास असेल तर तो मोजणीबाहेरचा त्रास आहे."

दोघं बाहेर येऊन उन्हात उभे राहिले. घसा इतका सुकला होता की भांडताही येत नव्हतं.

"एक आठवलं," झिपरोबा शेवटी खरवडल्या आवाजात म्हणाला. "आमचे आजोबा म्हणायचे, मांजर आडवं जाणं वेगळं आणि आडवं पडणं वेगळं. पडलेलं मांजर शुभ."

सुळेरावांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "आमचेही म्हणायचे," ते म्हणाले. "अगदी याच शब्दांत."

दोन घराण्यांच्या आजोबांचं एका गोष्टीवर एकमत व्हायची ही पहिलीच वेळ.

ते डोहावर आले. झिपरोबानं लांबूनच मान झुकवली. "कबरीबाई, येऊ का?"

नुसत्या 'कबरे'ची 'कबरीबाई' व्हायला साडेचार तास लागले होते.

कबरीनं एक डोळा उघडला. "या. पण पोरं झोपलीत. पाणी पिताना फुर्र फुर्र करायचं नाही. सुळेराव, हे तुम्हाला सांगतेय."

सुळेराव इतके हळू पाणी प्याले की बेडकांना वाटलं ते आजारी आहेत.

त्या दिवशी झिपरोबा पाणी पिऊन मोहाकडे गेला, तर तिथं नुकताच ताजा सडा पडलेला. पोटभर खाल्लं. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना सांगितलं, मांजरीचं तोंड बघून गेलो, दिवस चांगला गेला. सुळेरावांनाही त्या दिवशी वडाखाली कुणी रागावलं नाही. त्यांनीही तेच सांगितलं. दिवस चांगला का गेला हे कुणी शोधलं नाही. पोट भरलं होतं आणि घसा ओला होता, त्यामुळं शोधायची गरज पडली नाही.

आठवड्यात हे सगळ्या जंगलात पसरलं. हरणं पाणी प्यायची आणि शिळेसमोर उभी राहायची. भेकरं आली. ससे आले. साळिंदर स्वतः आला, काटे मिटून.

"कबरीताई, पोरीला बघायला येणारेत. जरा आडव्या जाता का?"

"आजच गेले तिघांना. पाय दुखतात."

"इथून तिथपर्यंतच. चार पावलं."

"उद्या या. आणि रांगेत या."

झिपरोबा रांगेत पहिला असायचा. तो सगळ्यांना सांगायचा, मांजर आडवं गेल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही, आमच्या घराण्यात पहिल्यापासून तसंच आहे.

पिल्लं मोठी झाली. रोज सकाळी कुणी ना कुणी त्यांनाही आडवं जायला न्यायचं. ती जायची आणि खिदळायची. त्यांना वाटायचं, जगात मांजरांना पहिल्यापासून असाच मान असतो. कबरीनं त्यांना खरं सांगितलं नाही. सांगेल एक दिवस. ती काही विसरणाऱ्यातली नव्हती.

इकडं मोजणी खात्यानं अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, सदर जंगल बिनफुलीचं होण्यापासून एक दूर होतं. खात्यानं मांजरीची पाण्याची वाट योग्य वेळी बंद केल्यामुळं हे अंतर शून्यावर आलं. हाच उपाय सगळ्या जंगलांत करावा.

करकोचेसाहेबांना बढती मिळाली. ते पुढच्या जंगलात गेले. तिथं वाटांचा गुंता होता, पण मांजर नव्हतं.

मग त्यांनी एक मागवलं.

तात्पर्य: मिळून मिसळून राहावं, दुसऱ्याला वाट द्यावी, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते लिहा आणि मार्क घ्या. पण घरी एवढं ध्यानात ठेवा. जो वाट मागतो त्याच्या वाटेवर काटे लागतात, आणि जो पाण्याच्या तोंडाशी जाऊन पडतो त्याचा शकुन होतो. तेव्हा न्याय मागायला जाण्याआधी जागा बघून ठेवावी. आणि कुणी साहेब आपल्याला काय आवडत नाही ते आपल्यालाच सांगायला लागला, तर त्याच दिवशी पोरं उचलून तिकडंच राहायला जावं.